मदत हवी: गाडीच्या झडतीत गांजा निघाला, भाऊ अकरा दिवसांपासून आत आहे

मी अमळनेरची. धाकटा भाऊ सेंधव्याहून मोठ्या बहिणीला भेटून येत होता. पळासनेरला एका हॉटेलसमोर एकाने हात केला, शिरपूरपर्यंत सोड म्हणाला. आमच्याकडे रात्रीच्या वेळी रस्त्यावरच्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. शिरपूरच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. मागच्या सीटखाली त्या माणसाची गोणी होती, तिच्यात ४ किलो २०० ग्रॅम गांजा. तो अंधारात पळाला. भाऊ स्टिअरिंगवर होता, तोच सापडला.

ओळखीच्या एकांनी सांगितलं, 'एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ५० पाळलेलं नाही, लगेच सुटेल.' आई त्या एका वाक्यावर दिवस काढतेय. पण मी वाचलं तर ते कलम अंगझडतीचं आहे. पवन कुमार खटल्यात (२००५) सुप्रीम कोर्टाने पिशवी म्हणजे अंग नव्हे असं म्हटलंय. भावाच्या खिशात तर काहीच नव्हतं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मग त्याच कायद्याचं कलम ४२ (मिळालेली बातमी लिहून वरिष्ठांना कळवण्याचं) धरता येईल का? फिर्यादीत 'खात्रीशीर बातमी मिळाल्याने' असं लिहिलंय, वेळ रात्री सव्वानऊची. बातमी लिहून घेतल्याचा आणि ७२ तासांत वरिष्ठांना कळवल्याचा कागद आम्हाला मिळालेल्या प्रतींत दिसत नाही. गाडी घरची, पांढऱ्या नंबरप्लेटची. दोन्ही पंचांची सही आहे, पण भाऊ शपथेवर सांगतो की गोणी उघडली तेव्हा तिथे पोलिसांशिवाय कोणी नव्हतं. नमुनेही तिथेच काढले. वजनात पाला, काड्या, बिया सगळं एकत्र धरलंय.

वकील अजून ठरलेला नाही. जाणकारांनी कृपया सांगा, आत्ता आधी काय करू?

प्रतिसाद (धुळ्यात वकिली करतो):
ताई, कलम ४२ सोडू नका. बूटा सिंग खटल्यात (२०२१) खासगी जीप रस्त्यावर होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ती सार्वजनिक वाहन नाही, म्हणून ४३ (सार्वजनिक जागेतल्या झडतीचं कलम) नव्हे, ४२ लागू. गाडी खासगी आहे हे दाखवायला आरसी बुकाची प्रत जपून ठेवा. पाला-बियांवर फार विसंबू नका, वजनातून ते वगळतात, पण फुलांचे शेंडे सोबत नसतील तेव्हाच. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढायला हवे होते, कलम ५२अ. तेवढ्यावर खटला पडत नाही, पण उलटतपासणीत जोर येतो.

१ जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०५. ते मागा. पंच खरंच हजर होते का, तिथेच कळेल.

जामिनाला आजच लागा. गांजाची व्यावसायिक मात्रा २० किलोच्या वर, त्यामुळे एनडीपीएसच्या कलम ३७ ची जामिनाची कडक अट तुमच्या भावाला नाही. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

आणि त्या हॉटेलचा कॅमेरा! काही दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं. मालकाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कोर्टातही ते जपून ठेवण्याचा अर्ज टाका.

धागाकर्ती:
कॅमेऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं, दादा. गोणी त्या माणसाच्या हातात दिसली तर भावाला माहीत नव्हतं हे तरी सांगता येईल. उद्या पहिल्या एसटीने पळासनेर गाठते. अर्जात तारीख-वेळेसोबत अजून काय लिहू?