जर्मनीतल्या चर्चमध्ये वसईच्या ख्रिस्ती घराबद्दल बोलायचंय. काय सांगू?

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईत.

मी वसईची, कुपारी (वसईतला एक जुना मराठी ख्रिस्ती समाज) कॅथलिक. सहा वर्षं स्टुटगार्टजवळ राहतेय. पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) सुट्टीत माहेरी आलेय, शनिवारी परत. पुढच्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी लेकीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, आहे. त्याआधी, जुलैत, तिथल्या चर्चच्या सणाला मी 'भारतातलं ख्रिस्ती जीवन' यावर पंधरा मिनिटं बोलायचं ठरलंय. म्हणजे त्यांनीच ठरवून टाकलंय.

पंचाईत अशी की तिथे भारतातला ख्रिस्ती म्हणजे एकतर केरळचा (1960 च्या दशकापासून तिथल्या नर्सेस जर्मनीत येत आल्यात), नाहीतर कालपरवा धर्म बदललेला. पालकसभेत एका आईने अगदी मायेने विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती झालात तेव्हा सासरचे रागावले नाहीत?" माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसतात हो! आणि मराठी मंडळाच्या गणपतीत एक काकू म्हणाल्या, "मराठी किती छान बोलता! मूळचं आडनाव काय तुमचं?" लेक शेजारीच उभी होती. परतताना गाडीत विचारते, "आई, आपण खरे कोण?"

गंमत म्हणजे जर्मनीत पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात 'कॅथलिक' लिहिलं की आमच्या तिथल्या राज्यात प्राप्तिकराच्या 8 टक्के चर्च-कर कापला जातो. ओळखीचे म्हणाले, रिकामं सोडा, पैसे वाचतील. आम्ही लिहिलं. कर भरूनही आम्ही नवखेच.

काल बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी इथल्या चर्चच्या ऑफिसात गेले. लेकीची नोंद काढता काढता फादरांनी कपाटातली जुनी वही पण उघडली. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. त्यात माझ्या पणजोबांचं नाव, खाली गॉडफादर, गॉडमदर. त्यातलं एक आडनाव आमच्याच आळीतलं! फोटो काढू दिला. हा तिथे पडद्यावर दाखवावा असं मनात आहे.

पण त्याआधीचं काय सांगू? 1534 ला वसई पोर्तुगिजांकडे गेली, 1739 ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, आमची घरं राहिली, प्रार्थना राहिल्या. मधल्या दोनशे वर्षांत कुणी श्रद्धेने आलं, कुणी सवलतीसाठी, कुणी धाकाने. सगळं राजीखुशीने झालं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण माफी मागितल्यासारखंही बोलायचं नाहीये. परदेशात कुणाला असं बोलावं लागलंय का? तुम्ही सुरुवात कुठून केलीत? आणि आठ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगितलंत?

दुसरं, आजीचं लाल चौकडीचं लुगडं. पेटीतून काढलं तर डांबरगोळ्यांचा वास सुटला. तेच नेसून बोलावं असं आई म्हणते. मला धास्ती, की समोरचे 'काय सुंदर हिंदू पोशाख' म्हणतील आणि पंधरातली दहा मिनिटं त्यातच जातील. साध्या ड्रेसवर गेले तर मग ही वसईची कशावरून? शिवाय मी लुगडं जन्मात एकदाच नेसलेय, तेही मावशीने नेसवलं म्हणून.

शुक्रवारपर्यंत सांगा प्लीज. आईने सुकेळी (वाळवलेली केळी) कोंबलीत, बॅग आत्ताच दोन किलो जास्त भरतेय, आणि लुगडं काही हलकं नाही.