वसतिगृहात आल्यापासून शुगरपेक्षा मनच जास्त वरखाली होते आहे

सांजवेळ यांचा प्रश्न:

मला वयाच्या बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिनच जवळजवळ तयार न होण्याचा प्रकार, झाला, त्याला आता दहा वर्षे झाली. यंदा जुलैमध्ये एमएस्सीसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला आले आणि पहिल्यांदाच वसतिगृहात राहू लागले. रोज चार इंजेक्शने आणि बोटे टोचून शुगर पाहणे हे माझ्यासाठी नवीन नाही. नवीन आहे ते हे, की ही सगळी मोजदाद आता माझी मला एकटीलाच ठेवावी लागते. घरी आई रात्री दोनच्या सुमारास उठून माझ्या मानेला हात लावून पाहायची, आणि मान घामाने ओली लागली की मला जागे करून साखरेचे पाणी द्यायची. इथे रात्री शुगर उतरली तर कोणाला कळणार, या भीतीने मी झोपताना मुद्दाम जास्त खाते, सकाळी मीटरवर २८० दिसते आणि मग दिवसभर स्वतःचाच राग येत राहतो.

खोलीतल्या दोन्ही मुलींना मी काहीच सांगितलेले नाही. इन्सुलिनचे पेन कंपासपेटीत ठेवते आणि न्हाणीघरात जाऊन टोचून घेते. मेसमध्ये आठला मिळणारे जेवण कधी कधी साडेनऊवर जाते, एकदा तर इंजेक्शन आधीच घेऊन झाले होते आणि रांगेत उभी असतानाच शुगर ५८ वर आली. मागच्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ९.४ आली, म्हणजे बरीच जास्त. ‘एवढी शिकलेली मुलगी असून अशी हयगय करतेस’ असे डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मी त्यांच्याकडे गेलेले नाही. गेले दोन आठवडे तर मीटर हातात घ्यायचेच जिवावर येते. घरी फोनवर सगळे ठीक आहे असे सांगते. हे नैराश्य आहे, की मी खरोखरच आळशी झाले आहे? आणि मुलींना सांगावे का?

माणदेशी यांचे उत्तर:

ताई, तुमचा प्रश्न वाचताना मला माझी अभियांत्रिकीची वर्षे आठवली. मलाही टाइप १ आहे आणि पहिली दोन वर्षे मीही तुमच्यासारखाच तो लपवला. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत माझी शुगर उतरली, हात थरथरू लागले, जीभ जड झाली आणि मी परीक्षकांना अत्यंत तुसडेपणाने उत्तर दिले. त्यांनी तो उर्मटपणा समजला आणि त्यांचेही चुकले नाही, कारण शुगर उतरली की मेंदूला ग्लुकोज कमी पडते आणि माणूस चिडखोर किंवा बावचळल्यासारखा वागतो, हे त्यांना सांगणारा वर्गात एकही जण नव्हता.

त्याच रात्री खोलीतल्या मित्राला मी मीटर दाखवले, त्याच्याही बोटाला टोचून त्याची शुगर मोजून दिली, अर्थात सुई नवी घेऊन. दहा मिनिटांत त्याची भीती गेली आणि माझी लाजही. तुम्हीही मोठे निवेदन करण्याच्या फंदात पडू नका, एखाद्या संध्याकाळी पलंगावर बसून सगळ्यांसमोर सहज शुगर तपासा, त्या आपणहून विचारतील. मेसच्या बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगेन, की ताट प्रत्यक्ष समोर येईपर्यंत जेवणाआधीचे इंजेक्शन घेऊ नका, आणि तुमचे इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यायच्या प्रकारचे असेल तर मेसच्या बेभरवशी वेळेला कोणते बसेल ते डॉक्टरांना विचारा. हा दोष वेळापत्रकाचा आहे, तो स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

ओसरी यांचे उत्तर:

मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते आणि त्यांत मधुमेह असलेली मुले-मुलीही येतात. तुम्हाला आळस आलेला आहे असे तुमच्या लिहिण्यातून मला कुठेही दिसत नाही. ज्या आजारात सुट्टीचा दिवस नसतो आणि प्रत्येक घासाचा हिशेब मांडावा लागतो, त्याने येणाऱ्या थकव्याला डॉक्टर ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ म्हणतात. तो मोजण्यासाठी १९९५ साली अमेरिकेत ‘पेड’ नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिचे गुण १०० पैकी काढतात आणि ४० किंवा त्याहून अधिक आले तर ताण गंभीर मानतात. शुगर उतरण्याची भीती, आकडा पाहून येणारी अपराधी भावना, डॉक्टरांविषयीची नाराजी, या तुम्ही लिहिलेल्या गोष्टींवर तिच्यात थेट प्रश्न आहेत.

नैराश्य याहून वेगळे असते, जरी दोन्ही एकाच माणसात असू शकतात. डिस्ट्रेसचा गाभा मधुमेहात असतो. मधुमेहाचा विषय बाजूला ठेवला तर अभ्यासात, मैत्रिणींत, एखाद्या गाण्यात मन रमते. नैराश्यात कशातच रमत नाही, झोप आणि भूक बिघडते आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहते. तुमचे नेमके काय आहे हे इथे बसून मी ठरवणार नाही, ते प्रत्यक्ष भेटीतच कळेल. विद्यापीठात समुपदेशन केंद्र असेल तर तिथे जा. नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो, त्यावर मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटले किंवा मुद्दाम इन्सुलिन टाळावेसे वाटले, तर एक दिवसही थांबू नका.

शुगर न पाहण्यामागे बहुतेकदा बेफिकिरी नसतेच, वाईट आकडा दिसेल ही धास्ती असते. म्हणून तूर्त चारही वेळा शुगर तपासण्याचा आग्रह सोडा, पण झोपण्यापूर्वीची तपासणी आणि इन्सुलिनची रोजची सगळी इंजेक्शने या दोन गोष्टी सोडू नका. शुगर सतत चढलेली असताना उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागू लागली तर रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साचणारी घातक आम्ले, वाढलेले असू शकतात, तेव्हा थेट रुग्णालय गाठायचे. डॉक्टर बदलण्यात काही गैर नाही. मात्र नव्या डॉक्टरांना रात्रीच्या भीतीविषयी पहिल्याच भेटीत सांगा, कारण रात्रीचा डोस किंवा त्याची वेळ बदलून ती भीती पुष्कळ कमी करता येते. ‘९.४ का आले’ या प्रश्नाचे उत्तर त्या भीतीतच आहे आणि ते तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी विचारलेच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पाऊलवाट यांचे उत्तर:

मी पलीकडच्या बाजूने लिहिते आहे. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला टाइप १ होता आणि तो मला कळला ती बेशुद्ध पडली तेव्हा. मी घाबरून तिच्या तोंडात पाणी ओतणार होते, रेक्टर बाईंनी हात धरला म्हणून थांबले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नसते, १०८ ला फोन करायचा असतो, हे मला त्या दिवशी समजले. शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे तिने मला नंतर शिकवले. मला तिचा राग एकाच गोष्टीसाठी आला होता, की तिने हे आधी सांगितले नाही. कृपया सांगा.

सांजवेळ यांचा प्रतिसाद:

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी पलंगावर बसूनच शुगर तपासली, १६४ होती. एका मैत्रिणीने विचारले, दुसरीने नुसते ऐकले आणि थोड्या वेळाने म्हणाली, की तिच्या आजोबांना ती लहानपणापासून इंजेक्शन देत आली आहे. इतके महिने मी शेजारच्या पलंगावर झोपत होते आणि मला हे ठाऊक नव्हते. तिने दोन वाजताचा गजर लावला. मी नको म्हटले, तरी ती उठली आणि माझ्या मानेला हात लावून पाहिला. तेव्हा मी जागीच होते, पण बोलले नाही, कारण मला रडू येत होते. समुपदेशन केंद्राची वेळ गुरुवारची मिळाली आहे. नवीन डॉक्टर शोधते आहे, आणि आईला आज संध्याकाळी फोनवर ९.४ चा आकडा सांगणार आहे.