ओढ्यातील दगडांखालचे किडे नाहीसे होणे: कारण फवारणीच का?

प्रश्न (उत्तर सोलापूर)
आमच्या शिवारातला ओढा पुढे सीना नदीला मिळतो. लहानपणी त्यातला दगड उलटला, की ओल्या बाजूवर तीन शेपट्यांचे चपटे किडे सरसर पळत. परवा मुलीला ते दाखवायला नेले, तर वीसेक दगड उलटूनही एक किडा सापडला नाही. खालच्या काळ्या गाळात मात्र लालभडक अळ्या वळवळत होत्या. दोन्ही काठांना आता ऊस आणि द्राक्षबागा आहेत. हा फवारणीचाच परिणाम समजावा काय?

उत्तर १ (प्राणिशास्त्राची अध्यापिका)
ती मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची, पाण्यात वाढणारी पिल्ले असावीत. त्यांचे कल्ले पोटाच्या कडांना असतात आणि त्यांना वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. लाल अळ्या न चावणाऱ्या चिलटांच्या. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या प्राणवायू कमी असतानाही तग धरतात. उसाला दिलेल्या खतातले नत्र आणि स्फुरद ओढ्यात उतरले, की शेवाळ माजते, आणि ते रात्री प्राणवायू सोडत नाही, उलट वापरते. म्हणून पाणी तपासायचेच असेल, तर दुपारी नव्हे, पहाटे तपासावे.

उत्तर २ (द्राक्ष बागायतदार)
तरीही फवारणी निर्दोष ठरत नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात विरघळते, मातीत महिनोन्‌महिने टिकते आणि मेफ्लायला अत्यल्प मात्रेतही मारक ठरते. युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये उघड्या शेतातील त्याचा वापर बंद केला, तो मात्र मधमाश्यांसाठी. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले तांबे गोगलगायींना घातक असते. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस आला, की केवडा या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारण्या वाढतात आणि तोच पाऊस औषध ओढ्यात नेतो. ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी ओढ्यावरच धुण्याची चूक मीही अनेक वर्षे केली आहे.

उत्तर ३
माझ्या मते मोठा दोष गाळाचा आहे. काठापर्यंत नांगरट केल्यावर काळी माती थेट ओढ्यात येते आणि दगडांमधल्या फटी बुजतात. हे किडे राहतात त्या फटींतच. त्यातच खोलीकरणात यंत्राने तळाचे दगडगोटे उपसले असतील, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी त्यांना थारा उरत नाही. आपल्या ओढ्याचे खोलीकरण झाले आहे का?

प्रश्नकर्ता
होय, बागांलगतच्या भागाचे झाले आहे. आपला प्रश्न वाचून आज वरच्या अंगाला, करंजांच्या सावलीत, जिथे ना बाग आहे ना यंत्र पोचले, तिथले दगड पाहिले. सातव्या दगडाखाली दोन किडे होते, तिन्ही शेपट्यांसह. आता प्रश्न एवढाच, की खालच्या भागात आधी दगड परत टाकावेत, की काठावर गवताचा पट्टा सोडावा?

उत्तर ३
आधी पट्टा सोडावा. नाहीतर टाकलेले दगड पहिल्याच पावसात गाळाखाली जातील.