मदत हवी आहे: आईने दादाला बक्षीसपत्राने दिलेला ठाण्यातला फ्लॅट परत मिळू शकतो का? पत्रात अट लिहिलेली नाही

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, पण आता हातात वेळ कमी आहे. कायद्यातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

आई ७४ वर्षांची. वर्तकनगरला वन बीएचके, बाबांनी घेतलेला. बाबा २०१६ ला गेले, त्यानंतर मी आणि दादाने दोघांनीही आईच्या नावे हक्कसोड रजिस्टर करून दिलं, म्हणजे फ्लॅट पूर्ण तिचाच झाला (हे आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न हाच येतो). मग २०२१ मध्ये तिने तो बक्षीसपत्राने दादाला दिला. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं. दादा-वहिनी तिच्याजवळ राहत होते, तेच करणार होते तिचं, मी कोपरखैरण्याला.

गेल्या पावसाळ्यापासून आई गॅलरीत झोपते. गॅलरी म्हणजे ग्रिल आणि वर पत्रा. मी गेले तेव्हा गादीची भिंतीकडची कड दाबून बघितली तर हाताला पाणी लागलं, आणि तिने वर प्लास्टिकचं टेबलक्लॉथ घालून त्यावर चादर अंथरलेली. म्हणते, ऊन पडलं की सुकतं गं. बीपीच्या गोळ्या दोन वर्षं मीच पाठवतेय. आता दादाने फ्लॅट विकायला काढलाय, एजंट माणसं घेऊन आला की आईला खाली बाकावर जाऊन बसायला सांगतात. ती कुठे जाणार विचारलं तर म्हणाला तू ने. मी आज नेईन हो, पण तिला तिचं घर सोडायचं नाहीये आणि का सोडावं तिने?

आता कायद्याचं. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ती देणगी रद्द होऊ शकते. पण आमच्या बक्षीसपत्रात "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" एवढंच आहे, लिहून घेणाऱ्याने लिहून देणारीला सांभाळायचं असं एक वाक्य नाही. एका वकिलांनी डिसेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला (सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी), त्यात म्हटलंय की अशी अट होती हे दाखवावंच लागतं, म्हणून तुमचं काही होणार नाही. दुसरे म्हणाले २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित यांच्या केसमध्ये कोर्टाने आईला घर परत दिलंय, हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावायचा असं सांगितलंय. मग आम्ही कुठे बसतो? दादाचे व्हॉट्सॅपवरचे दोन व्हॉइस मेसेज आहेत आईच्या फोनमध्ये, सही करायच्या आठवड्यातलेच, "आई तू शेवटपर्यंत माझ्याकडेच, काळजी करू नको". ते चालतील का? आणि तोवर त्याने फ्लॅट विकला तर?

मला फ्लॅटमधलं काही नको. तिचा पलंग आत यायला पाहिजे.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही निकाल वाचलेत, दोन्ही वकील आपापल्या जागी बरोबर आहेत. उर्मिला दीक्षित प्रकरणात (मध्य प्रदेशातलं, छतरपूर) बक्षीसपत्रातच मुलगा सांभाळतो असा उल्लेख होता आणि त्याच दिवशी मुलाने वचनपत्र लिहून दिल्याचं आईचं म्हणणं होतं. तुमच्याकडे कागद नाही, पण ते व्हॉइस मेसेज वचनपत्राच्या जागी मांडता येतील, म्हणून ते सगळ्यात मोलाचे. फोन बदलू नका, रिसेट करू नका, चॅट डिलीट होऊ देऊ नका. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आहे, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्याच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट लागतं, ते आत्ताच करून ठेवा.

आणि "प्रेम व आपुलकी" या शब्दांवर निराश होऊ नका. मार्च २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने म्हटलं की प्रेमापोटी दिलं यातच सांभाळ करायची अट गृहीत आहे, वेगळी लिहिलेली नसली तरी. मुंबईत तो निकाल बंधनकारक नाही, पण अर्जासोबत जोडा.

अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, उपविभागीय अधिकारीच न्यायाधिकरण असतात. पोटगीही त्यातच मागा, कमाल महिना १०,००० रुपये. पण देणगी रद्द करायचा हक्क देणाऱ्याचा, म्हणजे आईंचा. सही त्यांची लागणार, तुमची नाही. आधी त्यांच्याशी बोला.

प्रतिसाद २

विक्रीचं थांबवायला अर्जातच अंतरिम आदेश मागा की निकाल लागेपर्यंत फ्लॅट कोणाला देऊ नये. अर्जाची पोच मिळाली की त्याची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला देऊन त्यावर शिक्का घ्या, घेणारा माणूस सोसायटीत चौकशी करतोच. वकिलाचं म्हणाल तर या २००७ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये वकील लावता येणार नाही असं लिहिलंय, पण काही हायकोर्टांनी वकील चालेल म्हटलंय. नसला तरी आई स्वतः बोलू शकतात, तेच जास्त परिणाम करतं. माझ्या मावशीच्या वेळी साहेबांनी तिला समोर खुर्चीवर बसवून सगळं विचारलं होतं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. काल आईशी बोलले. पहिले अर्धा तास ती नाहीच म्हणत होती, पोटच्या पोरावर केस कशी करू, लोक काय म्हणतील. मग मी ते मेसेज तिला ऐकवले. दुसरा मेसेज संपल्यावर फोन हातात धरून बराच वेळ बसली आणि म्हणाली, त्याला शिक्षा व्हावी असं काही लिहू नकोस, घर माझं मला द्या एवढंच लिही. सही करते म्हणाली.

सोमवारी प्रांत ऑफिसला जातोय. अर्ज मी मराठीतच लिहिलाय, दोन पानं झालीत. प्रतिसाद १ वाले दादा, तुम्ही एकदा नजर टाकाल का? व्यक्तिगत निरोपात पाठवते.