टिनाच्या छताच्या अभ्यासिकेला मेटल फॉल्स सीलिंग: गरमी आणि आवाज दोन्हींसाठी वर काय टाकावं?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी अभ्यासिका आहे. हॉल २० बाय ३० फूट, वर टिना. मे महिन्यात दुपारी कूलर सुरू असूनही बसवत नाही, कारण डोक्यावरचा टिन आग ओकत असतो. पावसाची सर आली की वाचन बंद. एरवीही खुर्ची सरकवली तरी आवाज हॉलभर घुमतो.

लोकवर्गणी जमते आहे, त्यामुळे एकदाच नीट करायचं आहे. टाइल्स मेटलच्याच घेऊ, कूलरच्या ओलीने मिनरल फायबरच्या टाइल्स पोट सोडतात. कारागीर म्हणतो, वर थर्माकोल टाका, स्वस्तात होईल. मला ते पटत नाही. थर्माकोल गरमी अडवतो, पण आवाज शोषत नाही, आणि वायरिंगजवळ पेटायची भीती वेगळीच. माझ्या मनात छिद्रांच्या टाइल्स, त्यामागे फ्लीसचं कापड आणि वर ५० मिमी रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) आहे. ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो) घेतला तर चौरस मीटरला २.४ किलो, म्हणजे हॉलभर साधारण १३५ किलो.

एवढ्याने पावसाचा आवाज थांबेल का? रॉकवूल पॉलिथिनमध्ये गुंडाळला तर चालेल का? गरमी परतवणारी ॲल्युमिनियमची फॉइल कुठे लावायची? पोरांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

भाऊ, थर्माकोल नाकारला ते उत्तम केलं. घुमणारा आवाज तुमच्या रचनेने नक्की कमी होईल. पावसाचं तसं नाही. छिद्रांतून आवाज खाली येतोच, तो अडवायला वजन लागतं. रॉकवूलच्या वर १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड आडवा टाका, फटी बुजवा. टिनाला आतून चिकटून एखादा थर बसवता आला तर थेंबांचा ताशा मुळातच मंदावेल.

पॉलिथिन पातळ असेल तर चालेल, जाड नको. छिद्रांच्या बाजूला फॉइल अजिबात नको, शोषणच बंद होईल. ती टिनाखाली पोकळी सोडून, चकचकीत बाजू खाली करून ताणा. तिथे धूळ बसत नाही. दोन्ही टोकांच्या भिंतींत वर जाळीची भोकं ठेवा, कोंडलेली गरम हवा निघून जाईल आणि उंदीरही शिरणार नाहीत.

बोर्डाने चौरस मीटरला आणखी ८ किलोच्या आसपास वजन वाढेल. सीलिंगच्या लटकणाऱ्या तारा पर्लिनलाच (टिन ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी अँगलला) बांधायच्या, टिनाला नाही. पर्लिनचा अँगल किती मिमीचा आणि किती अंतरावर आहे तेवढं लिहा, मग बोर्ड पेलेल की नाही ते बघू.