निलंबन ही शिक्षा नव्हे

एकांनी लिहिलंय की एका पोलीस हवालदाराला निलंबित केलं, म्हणजे शिक्षा झाली, विषय संपला. तसं नाही. निलंबन ही चौकशी होईपर्यंतची तजवीज आहे. त्या काळात पहिले तीन महिने साधारण अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. खरी शिक्षा विभागीय चौकशीनंतर, १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांप्रमाणे होते: ताकीद, वेतनवाढ रोखणे, पदावनती, शेवटी बडतर्फी. सांगली-साताऱ्यात पोलीस अधीक्षकांच्या शिक्षेवर अपील कोल्हापूरला, विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे जातं. तिथंही नाही जमलं तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

माझा आक्षेप चौकशीतल्या दिरंगाईवर आहे. साक्षीदार बदली होऊन गेलेले, कागद अपुरे, चौकशी अधिकारीच बदललेला. दोषी त्यात सुटतो आणि निर्दोष माणसाची बढती बंद लिफाफ्यात अडकते, म्हणजे चौकशी संपेपर्यंत तिचा निर्णय उघडतच नाहीत. पोरांची फी, घराचा हप्ता मात्र थांबत नाही.

आणि गैरहजेरीची कसुरी नि कोठडीतला मृत्यू एका मापानं मोजू नका. २०१७ ला सांगलीत कोठडीत तरुण मेला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला. तिथं खात्याची चौकशी पुरत नाही, खुनाचा खटलाच लागतो.