सनद मिळाली, पुढे काय? तरुण वकिलांनो, अनुभव लिहा

वकिलीतली पहिली चार-पाच वर्षं कशी गेली, किंवा चालली आहेत, ते इथे लिहा. गाजलेले खटले नकोत. पहिली फी, पहिली फजिती, सिनियरने शिकवलेलं आणि न शिकवलेलं, सगळं चालेल. पक्षकारांची नावं मात्र टाळा.

मराठवाडा, तालुका कोर्ट, चौथं वर्ष

सनद आली त्याच आठवड्यात सर म्हणाले, "उद्या बोर्डावर तीन मॅटर आहेत, मी जिल्ह्याला चाललोय. फक्त तारीख घे." दोन मिळाल्या. तिसऱ्यात, बांधाच्या एका दाव्यात, जजसाहेब म्हणाले, "निशाणी पाचवर बोला." मी गार. दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर एकोणचाळीस तोंडपाठ होती, पण तात्पुरत्या मनाईच्या त्याच अर्जाला इथे सगळे निशाणी पाच म्हणतात हे कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मागून कुणाचातरी कारकून पुटपुटला, "पेरणी तोंडावर आहे, जवळची तारीख द्या म्हणा." म्हटलं. आठवड्याची मिळाली.

अवघड काम त्यापुढचं. त्या बांधाच्या दाव्यातले आजोबा दोन एसट्या बदलून येतात. साडेदहापासून व्हरांड्यात बसतात, भाकरी तिथेच सोडतात. चारला कळतं की जजसाहेब रजेवर आहेत. "म्हंजी आज काय झालं?" या प्रश्नाला पहिलं वर्षभर मी "पुढच्या वेळी नक्की" म्हणत होतो. आता आदल्या रात्री फोन करून सांगतो, उद्या तुमचं काम नाही, येऊ नका. सरांना हे पसंत नाही. पक्षकार आलाच नाही तर फी मागायची कुणाकडे?

पुणे, दुसरं वर्ष

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं. ज्युनियरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. शिफारस आहे हो, सक्ती नाही. मी ते छापून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाठपोट वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे. फाईलला लाव."

मला साडेसहा हजार मिळतात. पेट्रोल धरून.

विदर्भ, फौजदारी

माझं नशीब वेगळं. सनद मिळाली आणि १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीस-तीस वर्षं काढलेली मंडळी बाररूममध्ये मला विचारायला लागली, "पोरा, चारशेवीसचं आता काय?" तीनशे अठरा, पोटकलम चार. "आणि तीनशे दोन?" एकशे तीन. आठ दिवस माझा चहा फुकट. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर जुनीच कलमं लागतात, म्हणून बॅगेत दोन्ही पुस्तकं असतात आणि खांदा दुखतो. पक्षकार अजून "चारसोबीसची केस" असंच म्हणतात. म्हणोत.

सांगली

हायकोर्टाचं काम म्हणजे आधी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सीएसएमटीला वेटिंग रूममध्ये तोंड धुणं, बॅगेत चुरगळलेला गाऊन. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि आता संध्याकाळचं जेवण घरी होतं. पूर्वी फाईल मुंबईच्या वकिलाकडे द्यायचो, आता सर मलाच उभं करतात. पहिल्या दिवशी पाय लटपटत होते.

नाशिक, पहिलं वर्ष

मी परीक्षेच्या नादाने लॉ केलं. जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, व्हायचं होतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, म्हणून क्लासच्या नोट्स गुंडाळून कोर्टात आले. सध्या कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणाऱ्या नक्कल विभागाच्या खिडकीवर उभं राहायला शिकतेय. अर्जावर कोर्ट फीचं तिकीट कुठे लावायचं यावरून दोनदा परत पाठवलं गेलं.

मराठवाड्याच्या दादांना विचारायचंय: आदल्या रात्री फोन केल्यावर आजोबा खरंच यायचे थांबले का?

मराठवाडा, तालुका कोर्ट

नाही. म्हणतात, "समोरचा दिसला आन् मी नाय दिसलो, तर?"